पकड घट्ट, पण सुटणारी

करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेली चाचणीची पट्टी अनेकांना आठवत असेल. नाकातला नमुना द्रावणात ढवळायचा, दोन-तीन थेंब खाचेत टाकायचे आणि ‘सी’ व ‘टी’ या दोन अक्षरांकडे पंधरा मिनिटे डोळे लावून बसायचे. घरच्या घरी वापरता येईल अशा किटला भारतात पहिल्यांदा मान्यता मिळाली ती मे २०२१ मध्ये, पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या किटला. त्यानंतर ही पट्टी औषधाच्या दुकानात मिळू लागली. गर्भधारणेची चाचणी आणि डेंग्यूची झटपट चाचणीही याच तत्त्वावर चालतात.

सगळ्यांचे लक्ष असते ते ‘टी’कडे. तिथे रेघ उमटली तर आजार आहे, नाही उमटली तर सुटलो. ‘सी’समोरची रेघ मात्र गृहीत धरली जाते. ती उमटली नाही तर पट्टीच बाद समजायची, एवढेच सूचनापत्रकात लिहिलेले असते. पण ही रेघ कशाची बनलेली असते? अनेक किटमध्ये त्या जागी शेळीच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. त्यांचे काम एकच. द्रावणाबरोबर वाहत येणारी, सोन्याचे अतिसूक्ष्म कण लावलेली उंदराची प्रतिपिंडे पकडायची. उंदराची प्रतिपिंडे तिथे अडकली, सोन्याचे कण गोळा झाले, की लालसर रेघ दिसते. म्हणजेच प्रतिपिंडाला पकडणारे प्रतिपिंड. शास्त्रज्ञ त्याला दुय्यम प्रतिपिंड म्हणतात.

हेच दुय्यम प्रतिपिंड प्रयोगशाळेत आणखी एक काम करते. ते सूक्ष्म मण्यांवर बसवले, की गढूळ मिश्रणातून हवे ते प्रतिपिंड अचूक वेचून काढता येते. ही पद्धत सांगायला सोपी आहे. करायला बसले की लक्षात येते, पकडणे हा त्यातला सोपा भाग आहे. खरी परीक्षा पुढे असते. पकडलेले प्रतिपिंड धक्का न लागता सोडवायचे, आणि त्याच्याबरोबर पकडणारा सुटून येऊ द्यायचा नाही.

रक्तातली गर्दी

प्रतिपिंड हे इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे प्रथिन. पाण्याच्या रेणूच्या सुमारे आठ हजार पट वजनाचे. त्याचे दोन हात शत्रूला ओळखतात. हातांची टोके प्रत्येक प्रकारच्या प्रतिपिंडात वेगळी असतात. खालचा दांडा मात्र एकाच प्राण्याच्या एकाच वर्गातील प्रतिपिंडांमध्ये साधारण सारखाच असतो. हात वेगळे, दांडा सारखा ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तद्रवात साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिने असतात. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा अल्ब्युमिनचा. प्रतिपिंडांपैकी मुख्य वर्ग, म्हणजे आयजीजी, साधारण सात ते सोळा ग्रॅम. आणि त्यातही एका ठरावीक विषाणूला किंवा विषाला ओळखणारी प्रतिपिंडे थोडीच. बाकीची आयुष्यभरात भेटलेल्या इतर शत्रूंसाठी राखून ठेवलेली. म्हणजे हवे ते प्रतिपिंड मिळवायचे तर आधी गर्दी हटवावी लागते.

ही गर्दी तशीच ठेवली तर काय होते, हे वैद्यकशास्त्राने फार लवकर अनुभवले. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले, की धनुर्वाताच्या विषाला तोंड दिलेल्या प्राण्याचा रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकतो. लवकरच घोड्यांचा रक्तद्रव घटसर्प झालेल्या मुलांना टोचला जाऊ लागला. मुले वाचली, पण काहींना आठवड्याभराने ताप, पुरळ, सांधेदुखी सुरू झाली. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी १९०५ मध्ये या त्रासाचे सविस्तर वर्णन केले आणि कारणही सांगितले. रुग्णाचे शरीर घोड्याच्या परक्या प्रथिनांविरुद्धच उठले होते.

मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्थांमध्ये सर्पदंशावरचे प्रतिविष आजही घोड्यांच्या रक्तापासूनच तयार होते. आता ते कच्चा रक्तद्रव म्हणून दिले जात नाही, ते शुद्ध केलेले असते. तरीही प्रतिविष देताना डॉक्टर रुग्णावर लक्ष ठेवून असतात, प्रतिक्रिया आली तर लागणारे औषध हाताशी ठेवतात. शुद्धतेचा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही, तो रुग्णाच्या खाटेपर्यंत येतो.

उंदराचे प्रतिपिंड, गायीचा रक्तद्रव

१९७५ मध्ये केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी चित्र बदलले. उंदराच्या शरीरातील प्रतिपिंड तयार करणारी पेशी आणि कर्करोगाची न मरणारी पेशी यांचा त्यांनी संकर केला. या संकरित पेशी प्रयोगशाळेत अखंड वाढतात आणि एकाच साच्यातले प्रतिपिंड बनवत राहतात. या शोधासाठी दोघांना १९८४ मध्ये नोबेल मिळाले. आजच्या झटपट चाचण्यांमधली बरीचशी प्रतिपिंडे याच मार्गाने आलेली आहेत.

समजा, एखाद्या प्रयोगशाळेने डेंग्यूच्या विषाणूतील एनएस१ हे प्रथिन ओळखणारे उंदराचे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी तयार केल्या. आता पंचाईत अशी, की या पेशी नुसत्या पाण्यात वाढत नाहीत. त्यांना खाऊपिऊ घालावे लागते आणि त्या खाद्यात गायीच्या गर्भाच्या रक्ताचा द्रव, बऱ्याचदा दहा टक्के, मिसळलेला असतो. चार-पाच दिवसांनी बाटलीतला द्रव बाहेर काढला, तर त्यात उंदराचे हवे ते प्रतिपिंड असते, पण मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅमच्या मापात. भोवती गायीचे अल्ब्युमिन, गायीची इतर प्रथिने, गायीची थोडी प्रतिपिंडे आणि मेलेल्या पेशींचा गाळ. तांदळाच्या पोत्यात मूठभर बासमती मिसळलेला असावा आणि तेवढाच वेचून काढायचा असावा, तसा प्रकार.

याचे नेहमीचे उत्तर एका जंतूकडून मिळाले आहे. गळवे निर्माण करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आपल्या अंगावर ‘प्रोटीन ए’ नावाचे प्रथिन वागवतो. हे प्रथिन प्रतिपिंडाला दांड्याकडून पकडते. त्यामुळे प्रतिपिंडाचे हात भलत्याच दिशेला राहतात आणि जंतू बचावतो. जंतूची ही बचावाची युक्ती माणसाने शुद्धीकरणासाठी उचलली. मण्यांवर प्रोटीन ए बसवायचे, त्यावरून मिश्रण सोडायचे. प्रतिपिंडे अडकतात, बाकीचे वाहून जाते. कर्करोग आणि संधिवातावरची आजची प्रतिपिंड-औषधे बनवणारे मोठे कारखाने याच पद्धतीवर चालतात.

पण प्रोटीन एच्या आवडीनिवडी आहेत. माणसाची आणि सशाची बहुतेक प्रतिपिंडे त्याला छान चिकटतात. उंदराच्या प्रतिपिंडांतला सर्वांत जास्त आढळणारा आयजीजी१ हा उपवर्ग मात्र सैल चिकटतो. कोंबडीच्या अंड्याच्या बलकातून मिळणारी प्रतिपिंडे तर चिकटतच नाहीत. शिवाय आपल्या उदाहरणातली मोठी अडचण म्हणजे प्रोटीन ए उंदीर आणि गाय यांत फरक करत नाही. गायीची प्रतिपिंडेही त्याला चालतात. मग ‘शुद्ध’ म्हणून हाती येते ते दोन प्राण्यांचे मिश्रण. इथे शेळीची गरज पडते.

शेळीला उंदीर परका

उंदराची शुद्ध प्रतिपिंडे शेळीला टोचली, तर शेळीच्या शरीराच्या दृष्टीने ते परके प्रथिन असते. ती त्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे बनवते. या प्रतिपिंडांच्या हातांना आता उंदराच्या प्रतिपिंडाचा दांडा ओळखता येतो. दांडा सगळ्यांचा सारखा असल्याने उंदराचे कोणतेही आयजीजी, मग ते डेंग्यूचे असो की गर्भधारणेच्या संप्रेरकाचे, या हातांना ओळखीचे वाटते.

पण शेळीचे रक्त काढले आणि मण्यांवर लावले, असे चालत नाही. शेळीच्या रक्तातही हीच गर्दी आहे. म्हणून तिचा रक्तद्रव आधी उंदराची प्रतिपिंडे बसवलेल्या मण्यांवरून सोडतात. उंदराला ओळखणारी तेवढी अडकतात, बाकीची जातात. त्यानंतर आणखी एक चाळण. उंदीर, गाय आणि माणूस हे सगळेच सस्तन प्राणी, त्यांच्या प्रतिपिंडांत साम्य असते. त्यामुळे शेळीची काही प्रतिपिंडे उंदराबरोबर गायीलाही धरतात. ही दुटप्पी प्रतिपिंडे काढून टाकण्यासाठी सगळे द्रावण गायीची आणि माणसाची प्रतिपिंडे लावलेल्या मण्यांवरून फिरवतात. जी अडकतात ती सोडून देतात, जी अडकत नाहीत तीच ठेवतात. या दोन चाळण्यांतून उरलेली शेळीची प्रतिपिंडे उंदराला धरतात आणि गायीकडे जवळजवळ दुर्लक्ष करतात.

विकत घेताना बाटलीवर या चाळण्यांचा उल्लेख असतो. तो न वाचता स्वस्तातली बाटली घेणे ही नवख्या संशोधकाची नेहमीची चूक. मणी चांगले, पद्धत चांगली, पण पकडणाराच गायीला उंदीर समजत असेल तर पुढचे सगळे कष्ट वाया.

मण्यांची गोष्ट

घन पदार्थावर एक रेणू पक्का बसवायचा आणि त्याला दुसरा रेणू अडकवायचा, ही कल्पना जुनी आहे. १९५१ मध्ये डॅन कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेल्युलोजला प्रथिन जोडून त्याविरुद्धची प्रतिपिंडे वेगळी केली होती. १९६७ मध्ये स्वीडनमध्ये अॅक्सेन, पोराथ आणि अर्नबॅक यांनी प्रथिने मण्यांना पक्की जोडण्याची सोपी रासायनिक युक्ती शोधली. पुढच्याच वर्षी पेद्रो क्वात्रेकासास, मायर विल्चेक आणि ख्रिश्चन अॅन्फिन्सन यांनी या सगळ्याची एक सर्वसाधारण पद्धत मांडली. तेव्हापासून रेणूंच्या परस्परांतील आकर्षणावर आधारलेले शुद्धीकरण जगभरच्या प्रयोगशाळांत नित्याचे झाले.

सुरुवातीचे आणि आजही लोकप्रिय असलेले मणी अॅगारोजचे. समुद्रातल्या लाल शैवालापासून मिळणाऱ्या अगर या पदार्थातला हा घटक. घरात चायना ग्रास घालून जेली किंवा पुडिंग करतात, तो अगरच. अॅगारोजचा मणी साधारण एक दशांश मिलिमीटरचा, म्हणजे दिसेल न दिसेल असा. तो जाळीदार असल्याने प्रतिपिंडांना आतपर्यंत जागा मिळते आणि एका मण्यात भरपूर माल मावतो.

दुसरा प्रकार चुंबकीय मण्यांचा. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे जॉन उगेलस्टाड यांनी १९७० च्या दशकात प्लास्टिकचे अगदी एकसारख्या आकाराचे सूक्ष्म मणी बनवण्याची पद्धत शोधली. इतके एकसारखे मोठे मणी करायचे तर गुरुत्वाकर्षण आड येते, ते अंतराळातच जमेल, असे तेव्हा मानले जाई. नासाने स्पेस शटलमध्ये तसे प्रयोगही केले. उगेलस्टाड यांनी ते जमिनीवर करून दाखवले. पुढे या मण्यांच्या आत लोहाच्या ऑक्साइडचे कण भरले गेले. अशा मण्याची खुबी ही, की चुंबक जवळ असेपर्यंतच तो चुंबकासारखा वागतो. चुंबक दूर केला की मणी पुन्हा सुटे होऊन द्रवात पसरतात, त्यांचे गठ्ठे होत नाहीत. त्याचा आकार असतो केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या हिश्शाएवढा.

मण्यावर बसवलेले दुय्यम प्रतिपिंड किती उपयोगी पडू शकते, याचे एक जुने उदाहरण बालकर्करोगाचे आहे. न्यूरोब्लास्टोमा या आजारात मुलाच्या अस्थिमज्जेत कर्करोगाच्या पेशी शिरतात. जबर औषधोपचारापूर्वी मुलाचीच अस्थिमज्जा काढून ठेवायची आणि नंतर परत द्यायची, तर तिच्यातून कर्करोगाच्या पेशी आधी काढून टाकायला हव्यात. लंडनच्या संशोधकांनी उगेलस्टाड यांच्यासोबत केलेले हे काम १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोगाच्या पेशींना ओळखणारी उंदराची प्रतिपिंडे अस्थिमज्जेत मिसळायची, ती पेशींना चिकटतात. मग उंदराच्या प्रतिपिंडांना ओळखणारी दुय्यम प्रतिपिंडे लावलेले चुंबकीय मणी सोडायचे, ते उंदराच्या प्रतिपिंडांना चिकटतात. आणि शेवटी चुंबकाने सगळे ओढून घ्यायचे. तिथे पकडलेल्या पेशी परत नको होत्या. पकडून टाकून द्यायच्या होत्या. डेंग्यूच्या प्रतिपिंडाचे तसे नाही. ते पकडायचे, आणि मग जसेच्या तसे परतही मिळवायचे आहे.

तास दीड तासाचे काम

प्रयोगशाळेतल्या टेबलावर प्रत्यक्ष काम फार दिसत नाही. पेशींच्या बाटलीतला द्रव फिरवून गाळ खाली बसवतात. वरचा स्वच्छ द्रव मण्यांबरोबर एका छोट्या नळीत घेतात आणि नळी थंड जागी, चार अंश सेल्सिअसला, हळूहळू फिरत ठेवतात. तासाभरात, कधी रात्रभरात, उंदराची प्रतिपिंडे मण्यांवरच्या शेळीच्या प्रतिपिंडांना चिकटतात. नळी चुंबकाच्या स्टँडला लावली, की तपकिरी मणी एका बाजूला ओढले जातात आणि द्रव निवळतो. तो काढून घ्यायचा. मग मिठाच्या सौम्य द्रावणाने मणी तीन-चार वेळा धुवायचे. अल्ब्युमिन आणि बाकीची गर्दी इथे निघून जाते.

आता सोडवण्याची पाळी. प्रतिपिंडाची पकड म्हणजे एखादा पक्का रासायनिक जोड नसतो. विरुद्ध विद्युतभारांचे आकर्षण, हायड्रोजनचे नाजूक बंध आणि कुलूप-किल्लीसारखे जुळणारे आकार, असे अनेक छोटे धागे मिळून ती बनते. भोवतालचे द्रावण एकदम आम्लधर्मी केले, तर विद्युतभार बदलतात, आकार किंचित बिघडतो आणि पकड सुटते. त्यासाठी ग्लायसिनचे अडीच ते तीन पीएचचे द्रावण वापरतात. लिंबाच्या रसाच्या आसपासचा आंबटपणा. मणी त्यात काही मिनिटेच ठेवायचे. चुंबकाने मणी बाजूला ओढायचे आणि सुटलेले प्रतिपिंड असलेला द्रव ज्या नळीत घ्यायचा, तिच्यात आम्ल मारणारे ट्रिसचे द्रावण आधीच घालून ठेवायचे. नंतर घालू म्हणून चालत नाही.

घाई कशाची? जे आम्ल शेळीची पकड सोडवते, तेच आम्ल उंदराच्या प्रतिपिंडाचाही आकार बिघडवू शकते. काही प्रतिपिंडे हे सहज सोसतात. काहींच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात आणि मग ती डेंग्यूचे प्रथिन ओळखत नाहीत. दूध फाटल्यावर पुन्हा नीट होत नाही, तसेच हे. वजन करून पाहिले तर प्रतिपिंड भरपूर मिळालेले दिसते. ते कामाचे उरले आहे का, हे वजनावरून कळत नाही. अशा नाजूक प्रतिपिंडांसाठी आम्लाऐवजी मॅग्नेशियम क्लोराइडसारख्या क्षाराचे तीव्र द्रावण, किंवा उलट बाजूचे अल्कधर्मी द्रावण वापरून पाहतात. कोणते कुणाला मानवेल, हे आधी थोड्या मालावर करून पाहूनच ठरते.

इथे शेळीच्या बाजूचीही एक अडचण असते. शेळीच्या रक्तातली प्रतिपिंडे एकाच ताकदीची नसतात. काही सैल धरतात, काही मध्यम, काही इतकी घट्ट की सौम्य आम्लाने सुटतच नाहीत. उंदराची काही प्रतिपिंडे या घट्ट हातांत कायमची अडकून पडतात. पुढच्या खेपेला त्या जागा भरलेल्याच असतात. म्हणून मणी पुन्हा पुन्हा वापरले की त्यांची क्षमता उतरत जाते. रोजच्या व्यवहारात घट्ट पकड हा गुण मानला जातो. इथे तो एका मर्यादेपर्यंतच गुण असतो.

बाटलीत उतरलेली शेळी

सर्वांत फसवा दोष मात्र वेगळाच आहे. मण्याला जोडलेल्या शेळीच्या प्रतिपिंडांपैकी काहींचे जोड कच्चे असतात. आम्लाचा मारा झाला, की मण्यावरून शेळीचेच प्रतिपिंड सुटते आणि शुद्ध मालात येऊन बसते. शुद्धता तपासण्याची नेहमीची पद्धत म्हणजे प्रथिनांचे तुकडे जेलमधून वजनानुसार पुढे सरकवणे. त्यात उंदराच्या प्रतिपिंडाचे दोन पट्टे दिसतात, एक पन्नास हजार डाल्टनच्या आसपास आणि दुसरा पंचवीस हजारांच्या. पण शेळीच्या प्रतिपिंडाचेही पट्टे नेमके तिथेच दिसतात. दोघांची बांधणी एकच आहे. जेलकडे पाहून संशोधक खूश होतो, दोनच स्वच्छ पट्टे आहेत म्हणून. त्यात शेळीचा वाटा किती, हे डोळ्यांना कळत नाही.

समजा, हा माल तसाच डेंग्यूच्या पट्टीत वापरला गेला. पट्टीवर ‘टी’च्या जागी उंदराचे एक प्रतिपिंड चिकटवलेले असते आणि सोन्याचे कण लावलेले उंदराचे दुसरे प्रतिपिंड द्रवाबरोबर वाहत येते. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे रुग्णाच्या रक्तातले एनएस१ प्रथिन. ते असेल तरच रेघ उमटायची. पण मध्ये शेळीचे प्रतिपिंड असेल तर? त्याला दोन हात आहेत आणि दोन्ही हात उंदराला धरतात. एका हाताने ते ‘टी’वरच्या प्रतिपिंडाला धरू शकते, दुसऱ्याने वाहत आलेल्याला. पूल तयार. डेंग्यूचा मागमूस नसलेल्या रक्तातही फिकी रेघ उमटू शकते. ‘सी’च्या जागी जे काम हवे असते, तेच भलत्या जागी झालेले असते.

ही भीती काल्पनिक नाही, कारण हाच घोळ दुसऱ्या वाटेने खरोखर होतो. काही माणसांच्या रक्तात उंदराच्या प्रतिपिंडांना धरणारी प्रतिपिंडे आढळतात. उंदराच्या प्रतिपिंडांपासून बनवलेले उपचार घेतलेल्यांत ती विशेष दिसतात. अशा व्यक्तींच्या रक्ताने चाचण्यांमध्ये खोटा होकार आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून अनेक किटमध्ये उंदराची साधी प्रतिपिंडे जास्तीची घालून ठेवतात. पकडणाऱ्या हातांना ती आधीच गुंतवून ठेवतात.

मण्यांवरून शेळी उतरू नये म्हणूनही उपाय आहेत, आणि चांगल्या प्रयोगशाळा ते नेमाने करतात. नवे मणी वापरण्याआधी ते रिकामेच एकदा आम्लाने धुतात. कच्चे जोड असलेली प्रतिपिंडे तेव्हाच निघून जातात. जोड रासायनिक पद्धतीने आणखी पक्के करतात. शेळीच्या प्रतिपिंडाचे हात मोकळे राहतील आणि दांडाच मण्याला चिकटेल अशी जुळणी करतात, म्हणजे थोड्या प्रतिपिंडांत जास्त काम होते. प्रत्येक खेपेला नमुना न घालता नुसत्या मण्यांवर सगळी प्रक्रिया करून बाहेर काय येते ते पाहतात. आणि शेवटी, शेळीचेच प्रतिपिंड ओळखणारी वेगळी चाचणी लावून मालात शेळी किती उतरली ते मोजतात. या शेवटच्या मोजणीला जेलचे चित्र पर्याय ठरत नाही.

कुठे वापरावे, कुठे नाही

एवढ्या कटकटी असताना ही पद्धत टिकून का आहे? कारण काही कामांना तिच्यासारखी निवड दुसरीकडे मिळत नाही. दोन प्राण्यांची प्रतिपिंडे मिसळलेली असतील, प्रोटीन एला न चिकटणारे प्रतिपिंड असेल, किंवा माल अगदी थोडा असेल, तर मण्यांवरचे दुय्यम प्रतिपिंड उपयोगी पडते. मोठ्या कारखान्याला मात्र ते परवडत नाही. तिथले मणी शेकडो वेळा वापरायचे असतात आणि दर खेपेला कॉस्टिक सोड्याने धुवायचे असतात. प्रोटीन एची खास सुधारलेली रूपे हा मारा सोसतात. शेळीचे प्रतिपिंड त्यात टिकत नाही.

आता शेळीलाही पर्याय येत आहे. १९९३ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी दाखवून दिले, की उंटांच्या कुळातील प्राण्यांमध्ये साध्या प्रतिपिंडांबरोबर एक सुटसुटीत प्रकारही असतो. त्यांचा शत्रू ओळखणारा तुकडा अगदी छोटा असतो आणि तो जंतूंमध्ये किंवा यीस्टमध्ये बनवता येतो. असे तुकडे मण्यांवर बसवले तर दर वेळी एकसारखी पकड मिळते, सौम्य आम्लात सुटणारे तुकडे निवडून घेता येतात, आणि मण्यावरून सुटून आलेला तुकडा जेलमध्ये वेगळ्या ठिकाणी दिसत असल्याने लपत नाही. प्रत्येक बाटलीसाठी नव्या शेळीच्या रक्तावर अवलंबून राहावे लागत नाही, हेही आहे. २०१५ मध्ये शंभरहून अधिक शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मधून आवाहन केले होते, की संशोधनातली प्रतिपिंडे त्यांच्या जनुकीय क्रमानुसार ओळखली आणि बनवली जावीत, कारण बेभरवशाच्या प्रतिपिंडांमुळे प्रयोग फसतात आणि पैसा व वर्षे वाया जातात.

मात्र कितीही चांगले मणी वापरले तरी एक मर्यादा राहते. शुद्धीकरणाने प्रतिपिंड स्वच्छ होते, हुशार होत नाही. डेंग्यूबरोबर दुसऱ्याच एखाद्या विषाणूला धरणारे प्रतिपिंड मुळातच निवडले असेल, तर ते शंभर टक्के शुद्ध करूनही तीच चूक करेल.

वाचकाच्या हातात यातले काय येते? झटपट चाचणीत ‘सी’ची रेघ नसेल तर ‘टी’कडे पाहूच नये, नवी पट्टी घ्यावी. रेघ आली आणि लक्षणांशी ती जुळत नसेल, तर डॉक्टर वेगळ्या पद्धतीची चाचणी करायला सांगतात; तो पैसे काढण्याचा प्रकार मानू नये, वेगळ्या पद्धतीत वेगळी प्रतिपिंडे असतात आणि एकीची चूक दुसरीत येण्याची शक्यता कमी असते. पूर्वी कधी प्रतिपिंडांवर आधारलेले उपचार झाले असतील, तर रक्त देताना तसे सांगावे. प्रयोगशाळेतल्या माणसाला त्या एका वाक्याचा उपयोग होतो.

आणि पुढच्या वेळी पट्टीवर ‘सी’ची रेघ उमटेल, तेव्हा तिच्याकडेही एकदा पाहावे. उंदराचे प्रतिपिंड तिथे शेळीच्या प्रतिपिंडाने धरून ठेवले आहे, आणि त्या एका जागी तरी ते सोडवण्याची कुणाला गरज नाही.